लिक्विड कूलरवरचं ओव्हरक्लॉकिंग आणि प्रोसेसरचं तापमान: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे उन्हाळा आणि लग्नसराई एकदमच येतात. एप्रिल-मे महिन्यांत फोटो स्टुडिओवाल्यांची मशीन रात्र-रात्र लग्नाचे व्हिडिओ रेंडर करत बसतात आणि नेमकं तेव्हाच खोलीतलं तापमान वर्षातलं सगळ्यात जास्त असतं. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या परीक्षा संपून गेमिंगला जोर चढतो, तोही याच सुमाराला. त्यामुळे लिक्विड कूलर (पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारं यंत्र) बसवून ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या मशीनबद्दलचे प्रश्न बहुतेक या दोन महिन्यांतच येतात, आणि सुरुवात ठरलेली असते: "इतके अंश दाखवतंय, चालतंय काय?"

एक गोष्ट आधीच सांगतो. प्रोसेसरच्या तापमानाचा एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. खोली किती तापली आहे, कूलरमधलं पाणी किती तापलं आहे आणि कोअर (प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) किती तापला आहे, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवले तरच निदान होतं.

नेमकं किती अंशांपर्यंत सुरक्षित म्हणायचं?

प्रत्येक प्रोसेसरला कंपनीने कमाल तापमान ठरवून दिलेलं असतं. त्याला टीजेमॅक्स म्हणतात. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीतल्या 'के' मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरना ते १०० अंश सेल्सिअस आहे, कोअर अल्ट्रा २००एस मालिकेला १०५. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मधल्या बहुतेकांना ९५, पण ७८००एक्स३डीला ८९. जुना ५८००एक्स आणि ५८००एक्स३डी यांना ९०. स्वतःच्या प्रोसेसरचा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून आधी बघा. मित्राच्या मशीनचा आकडा आपल्या मशीनला लागू होत नाही.

माझा हिशोब असा: वर्षातल्या सगळ्यात गरम दुपारी, सगळ्यात जड कामात, टीजेमॅक्सच्या खाली १० अंश शिल्लक राहिले पाहिजेत. म्हणजे १०० मर्यादेच्या इंटेलला ९०च्या आत, ९५ मर्यादेच्या रायझनला ८५च्या आत. गेम खेळताना सगळे कोअर पूर्ण ताणाखाली नसतात, त्यामुळे तिथे ६० ते ७५च्या दरम्यान आकडा असेल तर निवांत राहा.

एएमडी स्वतःच म्हणते ९५ला काही होत नाही. मग ८५चा आग्रह कशाला?

प्रश्न रास्त आहे. रायझन ७००० आणली तेव्हा पूर्ण लोडवर प्रोसेसर ९५पर्यंत जाईल आणि तिथेच थांबून जमेल तेवढा वेग देईल, हे एएमडीने उघडच सांगितलं होतं. कंपनीच्या मूळ सेटिंगवर ते खरंच आहे, त्याची चिंता करू नका.

पण तुम्ही ओव्हरक्लॉक केलं की त्या सेटिंगबाहेर गेलात. व्होल्टेज तुम्ही ठरवलं, वेग तुम्ही ठरवला. आता चिपच्या आतल्या बारीक तारांमधून जास्त करंट जातो, आणि करंट व उष्णता दोन्ही वाढल्या की त्या तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकायला लागतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. ते एका दिवसात दिसत नाही. आज ५.२ गिगाहर्ट्झला स्थिर चालणारं मशीन कालांतराने त्याच सेटिंगवर निळा पडदा दाखवून बंद पडायला लागतं. शिवाय मर्यादेला टेकलं की प्रोसेसर आपला वेग आपणच खाली आणतो. एवढी खटपट करून ओव्हरक्लॉक करायचं आणि दुपारी दोनला वेग मूळच्याच पातळीवर येणार, यात मिळवलं काय?

तापमान बघायचं कशात?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि सुरू करताना फक्त सेन्सरचा पर्याय निवडा. इंटेलला 'सीपीयू पॅकेज' आणि 'कोअर मॅक्स' या ओळी बघा, रायझनला 'टीसीटीएल/टीडाय' लिहिलेली ओळ. चालू आकड्यापेक्षा 'मॅक्सिमम'चा रकाना महत्त्वाचा, कारण तुम्ही चहाला उठलेला असता तेव्हा काय झालं ते तिथे नोंदलेलं असतं. इंटेलमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग उतरवणं) अशी ओळ येते. तिथे 'यस' आलं असेल तर चर्चाच संपली, ते सेटिंग या खोलीत चालणार नाही.

पहिल्या पिढीचा रायझन १७००एक्स किंवा १८००एक्स अजून वापरात असेल तर एक लक्षात ठेवा. त्यांचा टीसीटीएल आकडा खऱ्यापेक्षा २० अंश जास्त दाखवला जातो. तिथे टीडायची ओळ बघायची.

डिसेंबरात ७८ होतं, आता एप्रिलमध्ये ९१ दाखवतंय. कूलर बिघडला काय?

बहुधा नाही. लिक्विड कूलर शेवटी खोलीतल्या हवेलाच उष्णता देतो, त्यामुळे खोली तापली तेवढंच वर सगळं सरकतं. थंडीत रात्री खोली २० अंश होती आणि कोअर ७८, म्हणजे फरक ५८चा. एप्रिलच्या दुपारी खोली ३३ झाली, त्यात ५८ मिळवले की ९१ आलेच. मशीनने काहीही वेगळं केलेलं नाही.

म्हणूनच थंडीच्या रात्री पास झालेलं ओव्हरक्लॉक मी पास धरत नाही. आपला जिल्हाही सगळीकडे सारखा नाही. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, एप्रिलमध्ये पारा ३५-३६च्या घरात राहतो आणि संध्याकाळी वारा सुटला की सुटका होते. अथणी, रायबागकडे तोच पारा चाळिशीला टेकतो. जांबोटी-कणकुंबीकडे रात्री चांगल्या गार असतात. आणि घराचं छत बघा. कौलारू माडीवरची खोली, पत्र्याची खोली आणि वर काहीच नसलेली स्लॅबची खोली यांत दुपारी तीन वाजता मोठा फरक पडतो. पंचवीस-तीस रुपयांनी महाग-स्वस्त फॅन शोधण्याआधी भिंतीवर साधा थर्मामीटर लावा आणि प्रत्येक टेस्टच्या शेजारी खोलीचं तापमान लिहा.

त्यात दार-खिडक्या लावलेल्या लहान खोलीत चार-पाचशे वॅट ओढणारं मशीन स्वतःच हीटरचं काम करतं. दोन तासांनी खोली सुरुवातीपेक्षा बरीच गरम झालेली असते.

तीन आकडे शेजारी ठेवून निदान कसं करायचं?

समजा खोली ३०, पाणी ४० आणि कोअर ८२. यात दोन फरक आहेत: खोली ते पाणी १० अंशांचा, पाणी ते कोअर ४२ अंशांचा. आपलं मशीन चांगलं चालत असताना हे दोन फरक कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा. पुढे काही बिनसलं की यातला कुठला वाढला एवढंच बघायचं.

खोली ३०च आहे, पण पाणी ५० आणि कोअर ९२ झाला. पाणी ते कोअर फरक तेवढाच, ४२. म्हणजे चिप, पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधला लेप), पंप सगळं ठीक आहे, पण पाण्यातली उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेला देणारी जाळी) धुळीने बुजलेला असेल, एखादा फॅन बंद किंवा उलटा असेल, नाहीतर कॅबिनेट भिंतीला चिकटून बसलं असेल.

आता दुसरी तऱ्हा. खोली ३०, पाणी ४०, कोअर ९५. पहिला फरक जसाच्या तसा, दुसरा ५५वर गेला. रेडिएटर कितीही पुसला तरी इथे फायदा नाही. पेस्ट सुकली असेल, स्क्रू एका बाजूने जास्त आवळले असतील, किंवा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यानंतर व्होल्टेज वाढलं असेल. नवीन मशीनला पहिल्याच दिवशी असं झालं तर कूलर काढून तांब्याच्या पट्टीवरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच राहिलाय काय, ते आधी बघा. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये प्रोसेसर मधोमध किंचित वाकण्याचाही प्रकार आहे. त्यासाठी काँटॅक्ट फ्रेम (प्रोसेसर सगळीकडून सारखा दाबून धरणारी चौकट) मिळते आणि ती बसवून काही अंश उतरतात.

तिसरी तऱ्हा पंपाची. दोन्ही नळ्या हातांनी धरून बघा. पाणी नीट फिरत असेल तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नसतो, हाताला तो कळतही नाही. एक नळी स्पष्ट गरम आणि दुसरी गार लागली तर पाणी फिरत नाही. मशीन बंद करा.

अलीकडच्या चिपमध्ये पाणी ते कोअर हा फरक मूळचाच मोठा असतो. चिप नखाएवढी आणि त्यातून दोनशे वॅट बाहेर काढायचे, मग उष्णता पाण्यापर्यंत पोचण्याआधीच अडते. म्हणून २४० मिलिमीटरचा रेडिएटर काढून ३६०चा बसवला तरी कोअर पाच-सहा अंशांच्या वर क्वचितच उतरतो. मोठा रेडिएटर पहिला फरक कमी करतो, दुसऱ्याला हात लावत नाही. हजारो रुपये घालवण्याआधी आपला त्रास कुठल्या फरकात आहे, ते तपासा.

माझ्या कूलरला पाण्याचं तापमान दाखवायची सोयच नाही.

स्वस्त एआयओमध्ये (कंपनीने जोडून सीलबंद दिलेल्या लिक्विड कूलरमध्ये) बहुधा नसतेच. अर्धा तास पूर्ण लोड द्या, लोड एकदम बंद करा आणि आठ-दहा सेकंदांनी कोअरचा आकडा बघा. चिप लगेच थंड होते, पाणी मात्र गरमच असतं, त्यामुळे तो आकडा पाण्याच्या थोडा वर येऊन टेकतो. इंटेलला ही युक्ती चांगली लागू पडते. रायझन निवांत असतानाही जरा जास्तच दाखवतो, तिथे दर वेळी त्याच पद्धतीने मोजून आपल्याच जुन्या आकड्याशी ताडून बघा.

टेस्ट किती वेळ करायची? सिनेबेंच एकदा पास झालं की झालं ना?

नाही. बंब पेटवला की पाणी लगेच उकळत नाही, तसंच रेडिएटरमधलं पाणी तापायला वेळ घेतं. एक फेरी लवकरच संपते, तेव्हा पाणी अजून गारच असतं. सिनेबेंच आर२३ या टेस्ट सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांची टेस्ट आहे, तीही सलग तीन वेळा लावा. पाण्याचा आकडा पाच मिनिटं जागचा हलला नाही की खरं तापमान समोर आलं.

प्राइम९५ या दुसऱ्या टेस्ट सॉफ्टवेअरची 'स्मॉल एफएफटी' ही फार जड टेस्ट आहे. रोजचं कुठलंच काम एवढं तापवत नाही. तिच्यात ९५ आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि तिच्याच हिशोबाने सेटिंग लावायचीही गरज नाही. स्टुडिओवाल्यांना मी सांगतो, तुमचाच एखादा तासाभराचा लग्नाचा प्रोजेक्ट भर दुपारी रेंडरला लावा आणि 'मॅक्सिमम'चा रकाना बघा. त्यापेक्षा प्रामाणिक टेस्ट दुसरी नाही.

लोड दिल्या दिल्या ४०वरून एकदम ८०वर उडी मारतंय. पंप गेला काय?

एका सेकंदात तीस-चाळीस अंशांची उडी आजच्या चिपला साहजिक आहे. पुढे काय होतं ते बघा. ८०वरून हळूहळू ८५ला जाऊन थांबलं तर सगळं ठीक. अर्ध्या मिनिटात १००ला भिडलं तर पंप किंवा बसवणूक तपासा.

तापमान खाली आणायला सगळ्यात आधी काय करायचं?

व्होल्टेज कमी करा. फॅन, पेस्ट, रेडिएटर हे सगळं नंतर. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२५ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झ चालणारा प्रोसेसर १.३५ व्होल्टवर ५.२ला नेला, तर वेग ४ टक्के वाढतो आणि उष्णता साधारण २१ टक्के. २०० वॅटचे २४०च्या वर गेले. चार टक्क्यांसाठी एवढी किंमत द्यायची काय, ते तुम्ही ठरवा. मी देत नाही.

दुसरं असं की अनेक मदरबोर्ड, विशेषतः जुन्या बायोसवर, मूळ सेटिंगमध्येच वॅटची मर्यादा उघडी सोडतात. आय९-१४९००केला इंटेलची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, बोर्डवर मात्र चार हजारांच्या वरचा आकडा भरलेला दिसतो. तो हाताने खाली आणा. रायझनला कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (बायोसमधली व्होल्टेज कमी करायची सोय) उणे १०पासून सुरुवात करा आणि स्थिर राहिलं तर उणे १५, २० असं जा. बहुतेक वेळा तापमान उतरतं आणि वेगही थोडा वाढतो.

एक इशारा: रायझनमध्ये हलक्या कामाला १.४ व्होल्ट दिसतात, ते एखाद्या कोअरला क्षणभर दिलेले असतात. तेवढेच सगळ्या कोअरना कायमचे लावू नका. आणि ७००० मालिकेत एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३च्या वर न्यायचंच नाही. २०२३मध्ये एक्स३डी चिप जळाल्याच्या तक्रारींनंतर एएमडीने बायोसमधून ही मर्यादा घातली आहे, म्हणून जुनं बायोस असेल तर आधी अपडेट करा.

इंटेल १३वी-१४वी पिढी आहे, तापमान ७०च आहे, तरी गेम बंद पडतात.

हे तापमानाचं दुखणं नसेल. या दोन पिढ्यांच्या जास्त ताकदीच्या डेस्कटॉप चिपमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे कायमची झीज होण्याचा दोष निघाला. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (चिपसाठीचं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर, बायोसमधून येणारं) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मदरबोर्डचं नवं बायोस टाका. ओव्हरक्लॉक काढून मूळ सेटिंगवरही बंद पडत असेल तर चिप बदलून मागा. बिल कोल्हापूरचं असो की बेळगावचं, जपून ठेवलेलं असू द्या.

रेडिएटर किती दिवसांनी साफ करायचा?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. वडगाव, खासबागकडे घराजवळ माग असतील तर सुताचं तूस हवेत असतंच. फॅन सोडवून बघितला की त्याच्या मागे रेडिएटरच्या जाळीवर पांढरट, लोकरीच्या कापडासारखा थर बसलेला दिसतो. चिमटीत धरून ओढला तर अख्खा सुटून येतो. गंमत म्हणजे बाहेरून फॅन स्वच्छच दिसत असतो, त्यामुळे फॅन न सोडवता सफाई केली असं समजू नका. इथे दर दोन महिन्यांनी फॅन काढायलाच हवा.

उद्यमबाग, मच्छेकडची धूळ काळी आणि बारीक. फाउंड्रीच्या धुळीत लोखंडाचे कण असतात आणि त्यांतून वीज वाहते, म्हणून ती फुंकर मारून मदरबोर्डवर उडवायची नाही. ब्लोअर कॅबिनेटच्या आतून बाहेरच्या दिशेने धरा. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी राहणाऱ्यांकडे धूळ चिकट असते, तिथे ब्लोअरआधी मऊ ब्रश लागतो. सगळीकडे लागू होणारी गोष्ट अशी की ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. आणि मार्च संपायच्या आत एक सफाई झालीच पाहिजे.

पावसाळ्यात इतका दमटपणा असतो, थंड पाण्यामुळे आत पाणी सुटतं काय?

नाही. बाहेरून दव धरायला वस्तू हवेपेक्षा गार असावी लागते, आणि साध्या लिक्विड कूलरमधलं पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. खानापुरात आठवडाभर झड लागली तरी एआयओच्या नळीला घाम येणार नाही. बर्फ टाकून किंवा पेल्टिअरवाला (विजेवर गार होणारी पट्टी असलेला) कूलर लावून पाणी खोलीपेक्षा गार केलं, तर मात्र जुलैत मदरबोर्ड भिजलाच म्हणून समजा. उलट ओव्हरक्लॉकसाठी जुलै-ऑगस्ट हे चांगले दिवस. फक्त त्या दिवसांतलं सेटिंग मे महिन्यात तसंच ठेवू नका.

पंपातून गुळगुळ आवाज येतोय.

हवा अडकली आहे. रेडिएटर वर, छताला बसवणं सगळ्यात चांगलं, हवा तिथे जाऊन बसते. पुढे उभा बसवला तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. पंप हाच सगळ्यात उंच बिंदू असेल तर हवा पंपात शिरते आणि पंप लवकर मरतो. पंपाचा वेग बायोसमध्ये कायम पूर्ण ठेवा, कमी-जास्त करायचे ते फॅन.

लाईट गेली तर पंप थांबून प्रोसेसर जळेल काय?

लाईट गेली की प्रोसेसरलाही करंट मिळत नाही, मग जळणार कसा? मशीन चालू असताना एकटा पंप बंद पडला तरी प्रोसेसर आधी वेग उतरवतो आणि तरीही तापत राहिला तर मशीन स्वतःच बंद करतो. पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करते तेव्हा खरा धोका अर्धवट रेंडरला आणि हार्ड डिस्कला. शुद्ध साईन वेव्हचा यूपीएस घ्या. घरचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चांगल्या पॉवर सप्लायशी जुळत नाही.

कूलरमधलं पाणी बदलायचं काय? बोअरचं चालेल?

एआयओ सीलबंद असतो, उघडू नका. नळीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं, म्हणून पाच-सहा वर्षांनी अख्खा कूलरच बदलायचा. स्वतः जोडलेला कस्टम लूप असेल तर तयार कूलंट घाला. बोअरचं पाणी क्षार सोडून आतली बारीक जाळी बुजवतं आणि फिल्टरचं पाणीही नको. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एका लूपमध्ये कधीच नको, ॲल्युमिनियम गंजून जातं.

रेंडरिंगचंच काम आहे. ओव्हरक्लॉक करू काय?

नको. रोजीरोटीचं मशीन आहे, त्यात चार-पाच टक्के वेगासाठी रात्री तीन वाजता अडकलेलं रेंडर परवडत नाही. तुम्ही उलट जा. वॅटची मर्यादा २५३वरून १८०च्या आसपास आणा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता भरपूर उतरते आणि मे महिन्यात मशीन एकसारखं चालतं. ओव्हरक्लॉकिंग ज्यांना हौस आहे त्यांनी हौसेच्या मशीनवर करावं, आणि जरूर करावं. चिप कशी चालते हे त्यातून जितकं कळतं तितकं पुस्तक वाचून कळत नाही.

जुना एआयओ स्वस्तात मिळतोय, घेऊ काय?

किती वर्षांचा आहे ते बिलावरून कळत असेल आणि दोन वर्षांच्या आतला असेल तरच विचार करा. हातात घेऊन कानाजवळ हलवा. थोडी खळखळ चालते, अर्धा रिकामा वाटला तर परत द्या. नळी जिथे रेडिएटरला जोडली आहे तिथे बोट फिरवून चिकटपणा किंवा पांढरी-हिरवी पूड लागते काय ते बघा. विकणाऱ्याच्या मशीनवर लावलेला असेल तर तिथेच अर्धा तास लोड देऊन नळ्यांना हात लावून बघा, आणि त्यानंतरच पैशाचं बोला.